चालत्या संघटनेचे स्मारक: वॉशिंग्टनमधील बॉय स्काउट शिल्प पाहून विचारलेल्या तीन प्रश्नांचे उत्तर

आपण विचारलेले तीनही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून त्यांचे उत्तर एकत्रच देतो. वॉशिंग्टन शहरात व्हाइट हाउसच्या दक्षिणेला एलिप्स नावाचे जे मोठे लंबवर्तुळाकार मैदान आहे, त्याच्या पूर्वेकडील कडेला, पंधराव्या रस्त्यालगत, आपण बॉय स्काउट स्मारक पाहिले. त्यावर आपण विचारता की पूर्ण गणवेशातील मुलाबरोबर जवळजवळ उघड्या अंगाचा पुरुष आणि घोळदार वस्त्रातील स्त्री कशासाठी उभी केली आहे. ज्या संघटनेचे काम आजही चालू आहे तिचे स्मारक मुळात उभारावे का. आणि आपल्या गावातील युवक संघटनेच्या माजी सदस्यांनी तिच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शिल्प उभारायचे ठरवले आहे, तर त्यासाठी हा नमुना डोळ्यांसमोर ठेवावा का. सार्वजनिक जागेतील ब्राँझची शिल्पे घडवणे आणि जुन्या शिल्पांची देखभाल करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि त्या अनुभवाच्या आधारावर माझे मत आधीच सांगून ठेवतो: या स्मारकातील आकृत्यांपेक्षा त्याची जागा, त्याचा लेख आणि त्याच्या चौथऱ्याच्या पोटात ठेवलेल्या वस्तू यांच्याकडून आपल्याला अधिक शिकता येईल.

व्यक्तीचे स्मारक करणे शिल्पकाराला तुलनेने सोपे जाते, कारण तिला चेहरा असतो, उभे राहण्याची ढब असते, जुनी छायाचित्रे असतात, आणि पुतळा हुबेहूब झाला आहे की नाही हे सांगणारे लोकही बहुधा हयात असतात. संघटनेला चेहरा नसतो. ती हजारो मुलांच्या येण्याजाण्यातून, एका प्रतिज्ञेतून, शिबिरांतून आणि कोणी तरी संध्याकाळी कामावरून परतल्यावर मुलांसाठी दिलेल्या वेळातून तयार झालेली असते. ही गोष्ट धातूत कशी आणायची, हा युवक संघटनेच्या कोणत्याही स्मारकातील खरा पेच आहे, आणि वॉशिंग्टनचे शिल्प समजून घ्यायचे असेल तर त्याच्या शिल्पकाराने हा पेच कसा सोडवला इथपासून सुरुवात करावी लागते.

आधी थोडा इतिहास. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका ही संघटना फेब्रुवारी 1910 मध्ये विल्यम बॉइस यांच्या पुढाकाराने नोंदली गेली. तिच्या पन्नाशीचे औचित्य साधून राजधानीत स्मारक व्हावे ही कल्पना पुढे आली, आणि 1959 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक जमिनीवर ते उभारण्यास परवानगी दिली. मात्र त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होणार नव्हता. शिल्पकार म्हणून डोनाल्ड डी ल्यू आणि वास्तुरचनाकार म्हणून विल्यम हेन्री डीसी यांची निवड झाली. अनावरण व्हायला 7 नोव्हेंबर 1964 उजाडला, म्हणजे पन्नाशी उलटून चार वर्षे झाली होती. राष्ट्राच्या वतीने ते स्मारक सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी स्वीकारले. (आपल्याकडील भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना 1950 मध्ये 7 नोव्हेंबरलाच स्थापन झाली होती, हा निव्वळ योगायोग असला तरी स्काउट चळवळीतील मराठी वाचकांना तो जाणून घ्यायला आवडेल.) पन्नाशीला चार वर्षांचा उशीर झाला याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. स्मारकाची तारीख आधी ठरवून त्या तारखेला शिल्प ओढूनताणून बसवण्याची जी घाई आपल्याकडे दिसते, तिच्यामुळे बिघडलेली कामे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता जागेविषयी. एलिप्सच्या परिसरात स्मारकांची कमतरता नाही: पहिल्या आणि दुसऱ्या सैनिकी डिव्हिजनची स्मारके तिथे आहेत, टायटॅनिक दुर्घटनेत मरण पावलेल्या बट आणि मिलेट या दोघांच्या नावाचे कारंजे आहे, आणि देशातील रस्त्यांची अंतरे मोजण्यासाठी बसवलेला शून्य मैलाचा दगडही आहे. अशा गर्दीत मुलांच्या संघटनेला जागा मिळाली ती केवळ कोणाच्या वजनामुळे नाही, तर त्या जमिनीशी स्काउटांचे खरोखरचे नाते होते म्हणून. 1937 च्या उन्हाळ्यात स्काउटांचा पहिला राष्ट्रीय मेळावा वॉशिंग्टनमध्ये भरला आणि देशभरातून आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक मुलांनी शहराच्या मध्यवर्ती हिरवळींवर तंबू ठोकले. हा मेळावा खरे तर 1935 मध्येच व्हायचा होता, परंतु पोलिओची साथ आल्यामुळे तो रद्द करावा लागला होता. राहून गेलेली ती गोष्ट दोन वर्षांनी घडली तेव्हा तिला आपोआपच वेगळे मोल आले. स्मारक त्या मेळाव्याच्या जागेची आठवण म्हणून उभे आहे. मुले जिथे झोपली, जेवली आणि परेडला उभी राहिली तीच ही जमीन आहे, एवढे एक वाक्य ठाऊक असले तरी शिल्पाकडे पाहण्याची नजर बदलते. स्मारकाच्या जागेचा आणि विषयाचा असा प्रत्यक्ष संबंध असला की शिल्पकाराचे अर्धे काम झालेले असते. तो नसला तर कितीही उत्तम काम केले तरी ते आणून ठेवलेले दिसते.

आता आकृत्यांविषयीच्या आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. शिल्पात तीन आकृत्या आहेत. मध्ये, किंचित पुढे, गणवेशातील स्काउट चालत आहे. त्याच्या दोन बाजूंना त्याच्याहून बऱ्याच मोठ्या मापाचे पुरुष आणि स्त्री आहेत. पुरुषाच्या अंगावर वस्त्राचा केवळ एक पट्टा आहे, त्याच्या हातात शिरस्त्राण आणि ओक वृक्षाची डहाळी आहे. स्त्रीच्या अंगावर पायाभोवती वाऱ्याने घुमलेले लांब वस्त्र आहे आणि तिने उंच धरलेल्या हातावर ज्योत आहे. डी ल्यू यांनी दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ही दोघे कोणी विशिष्ट माणसे नाहीत. मुलाचे आईवडीलही नाहीत. राष्ट्राच्या ज्या उदात्त परंपरा स्काउट चळवळीने आपल्या कार्यक्रमात सामावून घेतल्या, त्यांची ती रूपे आहेत. पुरुष म्हणजे शारीरिक, मानसिक आणि नैतिक सामर्थ्य, देशप्रेम, निष्ठा, धैर्य. स्त्री म्हणजे ईश्वरावरील आणि मानवावरील प्रेमातून आलेला प्रकाश, न्याय आणि स्वातंत्र्य. आणि तिच्या हातातील ज्योत ही ईश्वरी चैतन्याची. मुलगा मात्र मुलगाच आहे. तो झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या सर्व स्काउटांची आशा घेऊन चालला आहे.

शिरस्त्राण डोक्यावर नाही, हातात आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे. शिरस्त्राण घातलेला पुरुष योद्धा झाला असता आणि मुलांची संघटना ही सैन्याची पूर्वतयारी आहे असा अर्थ त्यातून निघाला असता. ते काढून हातात घेतले आणि सोबत शांततेची खूण म्हणून डहाळी दिली, की शौर्य शिल्लक राहते आणि युद्ध मागे सरते. स्काउटिंग ही बेडन-पॉवेल नावाच्या सेनाधिकाऱ्याने सुरू केलेली, गणवेश आणि शिस्त असलेली, तरीही स्वतःला लष्करी न म्हणवणारी चळवळ होती. तिच्याविषयी जी शंका पहिल्यापासून घेतली जात असे तिला शिल्पकाराने या एका तपशिलातून उत्तर दिले आहे. असा निर्णय घेण्यासाठी विषयाचा खूप विचार करावा लागतो, आणि डी ल्यू यांच्याविषयीचा माझा आदर अशा ठिकाणी वाढतो.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की या तिघांचा मेळ पूर्ण जमलेला नाही, आणि आपल्याला तिथे जे खटकले ते चुकीचे नव्हते. गणवेशातील मुलगा एका विशिष्ट काळातला आहे. त्याचे बूट, त्याचा शर्ट यांना शिवण आहे, मोजमाप आहे. बाजूची दोघे मात्र काळाबाहेरची आहेत, त्यांचे स्नायू आणि वस्त्रांच्या चुण्या प्राचीन ग्रीक व रोमन परंपरेतून आल्या आहेत. एकाच चौथऱ्यावर शिवलेला कपडा आणि गुंडाळलेला कपडा शेजारी आले की पाहणाऱ्याच्या मनात दोन वेगळ्या भाषा एकदम बोलू लागतात. शिवाय मापाचा प्रश्न आहे. मोठ्या आकृत्या मुलामागे भिंतीसारख्या उभ्या राहतात, त्यामुळे रस्त्याच्या पलीकडून पाहिले तर आधी दिसतात ते पुरुष आणि स्त्री. ज्याच्यासाठी हे सारे आहे तो मुलगा गडद धातूच्या पार्श्वभूमीवर गडद धातूतच असल्यामुळे हरवतो. जवळ गेल्यावर चित्र पालटते. तेव्हा मुलगा आपल्या नजरेच्या टप्प्यात येतो, मागची दोघे डोक्यावरून निघून जातात, आणि तिघांच्या पावलांचा एकाच दिशेने जाणारा ताल जाणवू लागतो. म्हणजे हे शिल्प जवळून पाहण्यासाठी आहे, पण ते उभे आहे मोठ्या मैदानाच्या कडेला, जिथे बहुतेक लोक त्याला दुरूनच पाहतात.

डी ल्यू असे का घडवत होते हे समजून घेतले म्हणजे दोष शोधण्याचा सूर थोडा सौम्य होतो. 1897 मध्ये बॉस्टनमध्ये जन्मलेला हा शिल्पकार जुन्या, कसून अभ्यास करवणाऱ्या परंपरेत वाढला, पॅरिसमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ब्रायंट बेकर यांच्यासारख्या शिल्पकारांकडे त्याने साहाय्यक म्हणून काम केले, आणि आयुष्यभर मानवाकृतीला धरून राहिला. ज्या वर्षी स्काउट स्मारकाचे अनावरण झाले त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा अग्निबाणफेक्या (रॉकेट थ्रोअर) हा 43 फुटी पुतळा लोकांसमोर आला. त्या काळी अमेरिकेतील कलाविश्व अमूर्ताकडे केव्हाच वळले होते आणि अशा वीरपुरुषी आकृत्या जुनाट मानल्या जात होत्या. परंतु त्याचे सर्वांत हलवून सोडणारे काम फ्रान्समध्ये आहे. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, कोलव्हिल-सुर-मेर येथील अमेरिकी युद्धस्मशानभूमीत, लाटांतून वर उठणाऱ्या तरुणाची त्याची 22 फूट उंचीची ब्राँझमूर्ती 1956 पासून उभी आहे. तिथेही देह जवळजवळ उघडा आहे, तिथेही तो कोणी विशिष्ट सैनिक नाही, पण कोणालाही ते खटकत नाही. कारण तिथे शेजारी गणवेश नाही. शिवाय तो तरुण मृत तरुणांच्या वतीने उभा आहे, आणि मृतांना काळाबाहेर नेणे आपले मन सहज स्वीकारते. स्काउट स्मारकातील मुले जिवंत होती. अनावरणाला त्यांच्यातीलच काही समोर उभी असणार. जिवंत मुलाला परंपरेच्या दोन महाकाय मूर्तींमध्ये उभे करताना तीच भाषा तितकी सहज चालत नाही.

याच विषयावरची आणखी दोन कामे तुलनेसाठी सांगतो, कारण आपल्याला नमुना निवडायचा आहे. एक रॉबर्ट टेट मॅकेन्झी यांचा स्काउट. हे गृहस्थ मूळचे कॅनडाचे, व्यवसायाने डॉक्टर, शरीरशिक्षणाचे मोठे जाणकार आणि उत्तम शिल्पकार होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी स्काउट मुलाची लहानशी मूर्ती केली आणि पुढे 1937 मध्ये फिलाडेल्फियातील स्थानिक स्काउट कार्यालयासमोर तिचे पूर्णाकृती रूप उभे राहिले. तिथे एकच मुलगा आहे आणि त्याने टोपी काढून हातात धरली आहे. उघडे मस्तक हे आदर आणि शिस्तीचे लक्षण असे मॅकेन्झी सांगत. बाजूला कोणी देवता नाही. मुलांची शरीरे मोजण्यात आणि घडवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाचा तो मुलगा असल्यामुळे त्याच्या खांद्यांत आणि गुडघ्यांत वय अचूक उतरले आहे. त्या मूर्तीच्या प्रती अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत, आणि आपल्या मुलासारखा एखादा स्काउट तिच्याशेजारी उभा राहून छायाचित्र काढतो तेव्हा दोघांत काही अंतर जाणवत नाही.

दुसरे काम त्याहून धाडसाचे आहे. लंडनजवळच्या गिलवेल पार्क या स्काउट प्रशिक्षण केंद्रात ब्राँझचा अमेरिकी गवा (बायसन) आहे, जो अमेरिकी स्काउटांनी 1926 मध्ये भेट दिला. लंडनच्या धुक्यात वाट चुकलेल्या बॉइस यांना एका अनोळखी मुलाने रस्ता दाखवला आणि स्काउट असल्यामुळे बक्षीस घ्यायला नकार दिला, ही कथा स्काउट चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्या मुलाचे नाव कोणालाच कळले नाही. म्हणून त्याच्या स्मारकात मुलाची आकृती नाहीच. अमेरिकेच्या मातीतला प्राणी आणि त्याखाली अनोळखी स्काउटाला उद्देशून एक वाक्य, एवढेच आहे. दररोजचे एक सत्कृत्य निष्ठेने करणाऱ्या त्या मुलामुळे चळवळ अमेरिकेत पोहोचली, असा त्या वाक्याचा आशय आहे. चेहरा ठाऊक नसेल तर काल्पनिक चेहरा देऊ नये, हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

पुन्हा वॉशिंग्टनकडे येतो, कारण त्या स्मारकाचा जो भाग मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो तो पाहणाऱ्याला दिसतच नाही. निधी उभा करताना देशभरातील स्काउट पथकांना आवाहन केले गेले, आणि वर्गणी देणाऱ्या मुलांनी नावे लिहिलेल्या गुंडाळ्या चौथऱ्याच्या आत ठेवण्यात आल्या. चौथरा षट्कोनी आहे आणि त्याच्यावर स्काउटची प्रतिज्ञा कोरलेली आहे. म्हणजे बाहेर शब्द आहेत आणि आत ते शब्द उच्चारणाऱ्यांची नावे. कल्पना करा, एखाद्या लहान गावातल्या शाळेत अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतले काही दिले आणि कागदावर सही केली. ती सही आज व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर दगडात बंद आहे. संघटनेला चेहरा नसतो असे मी वर म्हटले. पण तिला नावे असतात, आणि शिल्पकाराला चेहरा सापडला नाही तरी उभारणाऱ्यांनी नावे जपून ठेवली. मोठ्या देणगीदारांची संगमरवरी यादी दर्शनी भागावर लावण्याची आपली पद्धत मला याच्यापुढे फार कोती वाटते.

तसाच शिल्पापुढील पाण्याच्या कुंडाशी असलेला लेख. ज्या स्त्री-पुरुषांच्या औदार्याने, निष्ठेने आणि नेतृत्वाने स्काउटिंग देशातील तरुणांपर्यंत पोहोचले त्यांना कृतज्ञ अभिवादन म्हणून, आणि शांततेच्या दिवसांत तसेच संकटाच्या काळात ज्यांनी ईश्वराप्रति व देशाप्रति आपले कर्तव्य बजावले त्या सर्व सदस्यांच्या सन्मानार्थ हे स्मारक उभारले आहे, असे तो सांगतो. बारकाईने वाचा. संघटना महान आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. आभार आहेत ते माणसांचे, आणि सन्मान आहे तो केलेल्या कर्तव्याचा. 1964 सालच्या, केवळ मुलग्यांसाठी असलेल्या संघटनेच्या स्मारकावर स्त्रियांचा उल्लेख कृतज्ञतेत आवर्जून आहे हेही लक्षात घ्यावे.

लेखातील हा संयम किती मोलाचा ठरला ते पुढच्या साठ वर्षांनी दाखवून दिले, आणि इथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. चालत्या संघटनेचे स्मारक उभारण्यात मोठा धोका असतो, कारण तिचा इतिहास अजून घडत असतो आणि शिल्प मात्र एका दिवशी थांबलेले असते. फेब्रुवारी 2020 मध्ये या संघटनेला दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात जावे लागले, कारण अनेक दशकांत तिच्या छत्राखाली लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसांचे दावे तिच्यासमोर उभे राहिले. पुढे असे ऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले आणि भरपाईसाठी सुमारे 2.46 अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली. ज्या मुलांचा सन्मान करायला ते शिल्प उभे आहे त्यांच्यातल्याच कित्येकांचा विश्वासघात झाला होता, हे वाचून त्या चौथऱ्यासमोर उभे राहणे सोपे नाही. दरम्यान 2018 पासून लहान गटांत आणि 2019 पासून मुख्य पथकांत मुलींना प्रवेश मिळाला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये संघटनेने आपले नाव बदलून स्काउटिंग अमेरिका केले. म्हणजे स्मारकावरचे नाव आता संघटनेचे नाव राहिलेले नाही, आणि स्मारकातील एकमेव मूल मुलगा आहे. एवढे सगळे होऊनही तो लेख आणि ती प्रतिज्ञा वाचताना खोटी वाटत नाहीत, कारण तिथे दिलेला शब्द कोरलेला आहे, आणि तो कोणी पाळला व कोणी मोडला याचा हिशेब त्याच शब्दावर करता येतो. तिथे संघटनेच्या थोरवीची वाक्ये असती, तर ती आज खरवडून काढावीत असे कोणालाही वाटले असते.

अमेरिकेने नंतर या धोक्याची दखल कायद्यातच घेतली. 1986 च्या स्मारकविषयक कायद्यानुसार राजधानीतील संघराज्याच्या जमिनीवर एखाद्या व्यक्तीचे वा समूहाचे स्मारक करायचे असेल तर त्या व्यक्तीच्या किंवा समूहातील शेवटच्या हयात सदस्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे जाऊ द्यावी लागतात. चालू असलेल्या युवक संघटनेला त्या कसोटीवर आज तिथे स्मारक मिळवणे जवळजवळ अशक्य झाले असते. हा नियम मला योग्य वाटतो. पण म्हणून चालत्या संघटनेचे काहीच उभारू नये असे मी म्हणणार नाही. उभारावे, मात्र संघटनेचा गौरव न करता तिच्यातून घडलेल्या एखाद्या नेमक्या कामाची, जागेची किंवा दिलेल्या शब्दाची आठवण करावी. आपल्या संघटनेच्या मुलांनी पुरात लोकांना बाहेर काढले असेल, टेकडीवर झाडे लावली असतील, एखाद्या पडक्या इमारतीत रात्रशाळा चालवली असेल, तर स्मारकाचा विषय तो आहे. आपल्याकडे नंदुरबारमध्ये 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांवर गोळीबार झाला. तिथले हुतात्मा स्मारक त्याच गावात, त्या घटनेशी बांधलेले असल्यामुळे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. युवक म्हणजे कोण, हे तिथे नावांनी आणि तारखेने ठरलेले आहे.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाच्या व्यावहारिक बाजूकडे वळतो. आकृती ठरवण्याआधी लेख ठरवा. आपल्या समितीतील प्रत्येकाने स्वतंत्रपणे चाळीस शब्दांत लिहून आणावे की हे स्मारक नेमके कशासाठी आहे. सगळ्यांचे कागद एकत्र वाचले की मतभेद तिथेच उघड होतात आणि मातीचे काम सुरू झाल्यावर होणारे वाद टळतात. जागेबाबत एक कायदेशीर गोष्ट नीट लक्षात ठेवावी: 18 जानेवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश दिलेला आहे. त्यामुळे चौकाचा हट्ट सोडून शाळेचे वा संस्थेचे आवार, बाग किंवा स्वतःच्या मालकीची जागा पाहावी, आणि त्यातही जिथे आपली मुले प्रत्यक्ष जमत असत ती जागा मिळाली तर दुसरी शोधूच नये. महाराष्ट्रात पुतळ्यासाठी स्थानिक संस्थेच्या ठरावाबरोबर जिल्हा प्रशासनाची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. ही मान्यता मिळेपर्यंत साचा काढू देऊ नका, कारण माती बदलता येते आणि ओतलेला धातू बदलता येत नाही.

माप ठरवताना एक गोष्ट नवख्या समित्यांना नेहमी चकवते. स्टुडिओच्या छताखाली माणसाएवढी दिसणारी आकृती उघड्या आकाशाखाली ठेवली की लहान आणि किडकिडीत दिसते. म्हणून उघड्यावरचे काम साधारण सव्वापट करावे लागते. मुलांच्या आकृत्यांच्या बाबतीत मात्र मी चौथरा कमी करण्याचा आग्रह धरतो. तेरा वर्षांच्या मुलाला आठ फुटांवर चढवले की तो नेता दिसू लागतो, आणि गुडघ्याएवढ्या ओट्यावर ठेवला की येणारी मुले त्याच्या खांद्याला हात लावतात. तो हात लागू द्यावा. सततच्या स्पर्शाने त्या जागेवरचा वरचा रंग जाऊन धातू सोनेरी चमकू लागतो, आणि कोणता भाग चमकतो यावरून लोकांनी त्या शिल्पात काय पाहिले ते आपल्याला कळते.

धातू ब्राँझच घ्यावा. आपल्याकडील ओतकामात 85 टक्के तांबे आणि कथील, जस्त व शिसे प्रत्येकी 5 टक्के असे मिश्रण सर्रास वापरले जाते व ते चांगले टिकते. करारात हे प्रमाण लिहून घ्यावे आणि ओतलेल्या धातूचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पुतळा आतून पोकळ असतो, त्याची भिंत पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते, आणि वाऱ्याचा जोर खऱ्या अर्थाने पेलतो तो आतला सांगाडा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी, अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला तेव्हापासून या अदृश्य भागाविषयी लोक विचारू लागले आहेत, आणि ते विचारलेच पाहिजे. साधे लोखंड ब्राँझला चिकटून ओलाव्यात राहिले तर लोखंड झपाट्याने गंजते, म्हणून सांगाडा उत्तम प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा असावा, त्याचा आराखडा स्थापत्य अभियंत्याने सहीनिशी दिलेला असावा, आणि आकृतीच्या तळाशी आत साचणारे पाणी बाहेर पडण्यासाठी बारीक छिद्रे ठेवावीत. शेवटची बाब क्षुल्लक वाटते, पण जुनी शिल्पे उघडली की आतले नुकसान बहुतेक वेळा साचलेल्या पाण्यानेच झालेले आढळते. आपले गाव किनाऱ्यालगत असेल तर खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे धातूवर फिकट हिरवी भुकटी धरते आणि ती आत खात जाते. त्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मेणाचा पातळ थर द्यावा लागतो. वॉर्निश मारून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण ते पापुद्र्यांनी सुटते आणि त्याखाली ओल धरते. कुंड किंवा कारंजे मात्र करू नये असाच माझा सल्ला आहे: पाणी वाहते ठेवण्याचा खर्च दर महिन्याचा असतो, उत्साह काही वर्षांचा, आणि कोरड्या कुंडात कचरा साचलेले स्मारक पाहण्यापेक्षा नुसती फरसबंदी बरी.

चौथऱ्याच्या आत नावे ठेवायची कल्पना आपल्याला आवडली असेल तर ती नीट करा. आम्लरहित कागद, त्यावर न पसरणारी कार्बनची शाई, तो स्टेनलेस स्टीलच्या हवाबंद नळीत आणि नळी जमिनीच्या ओलीपासून वर. छापील यादीपेक्षा प्रत्येकाच्या हातची सही घ्या, ज्यांनी पाच रुपये दिले त्यांचीही, आणि मुलींची आणि मुलग्यांची एकाच क्रमाने. त्याची एक प्रत संस्थेच्या दप्तरी ठेवा. जमलेल्या रकमेचा काही भाग देखभालीसाठी वेगळ्या ठेवीत ठेवावा आणि त्या ठेवीला हात लावण्याचा अधिकार अनावरणानंतरच्या कोणत्याही समितीला नसावा. शिल्पकाराशी करार करताना साचे कोणाकडे राहतील, त्यांतून पुन्हा प्रती काढता येतील का, आणि काम मध्येच थांबले तर मातीचा नमुना कोणाचा, हे तीन मुद्दे लेखी असू द्या. नमुना तयार झाला की समितीने तो स्टुडिओत पाहण्याआधी आपल्या संघटनेत सध्या येणाऱ्या मुलांना तिथे घेऊन जा आणि त्यांना कोणी काही न सांगता पाहू द्या. ती काय विचारतात ते शिल्पकाराच्या समोरच लिहून घ्या, म्हणजे मातीत जे बदल करायचे असतील ते त्याच आठवड्यात करता येतील.